काटा खरा निघाला

मी एक जुना वजनकाटा आहे, मित्रांनो, आणि थोडा गर्विष्ठही. चिंचवडच्या एका दवाखान्यात, अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या खोलीत, मी सोळा वर्षे बाळे तोलली. बाळे काचेच्या पेट्यांत असत. आईला आत येता येई. बापाने दाराच्या काचेतूनच पाहायचे.

१९७४ साली रहाटणीच्या भिवा आणि कस्तुराची मुलगी दोन महिने आधीच आली. वजन बाराशे ऐंशी ग्रॅम. भिवा मोटारीचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत चेकर होता. केसभर चुकलेला भागही तो बाजूला काढी. पहिली शिफ्ट सुटली की निळ्या गणवेशातच येऊन काचेला नाक लावी. परिचारिका इंदुताई वजन सांगत, ते तो तळहातावर लिहून घेई.

चौथ्या दिवशी वजन भरले अकराशे नव्वद. भिवाचा चेहरा उतरला आणि त्याने सगळा ठपका माझ्यावर ठेवला! माप जुळले नाही तर आधी मापाचे यंत्र तपासायचे, अशी कंपनीची रीत. दुसऱ्या दिवशी तो कंपनीतली तपासणीची वजने घेऊनच हजर झाला. ती फाटकाबाहेर न्यायला फोरमन आबाजींनी त्याला गेटपास लिहून दिला होता: 'माल परत येणार. कारण: मुलगी.'

मला राग आला. इंदुताईंनी हसू दाबत मला दाराशी आणले. भिवाने एकेक वजन ठेवून, वाकून माझी दांडी पाहिली. मी तसूभरही चुकलो नाही. आयुष्यात प्रथमच मला चुकावेसे वाटले.

"काटा बरोबर हाय, ताई," तो म्हणाला. "म्हंजे पोरगीच कमी झाली." आणि तो भिंतीला टेकून खाली बसला.

पहिल्या आठवड्यात बाळांचे वजन उतरतेच, मग भरते, हे इंदुताईंनी कस्तुराला केव्हाच सांगितले होते. बापाला सांगायचे कुणाला सुचलेच नव्हते. आता त्यांनी त्यालाही समजावले आणि विचारले, "भिवाभाऊ, तुम्ही जेवलात कधी?"

त्याला आठवेना. ताईंनी त्याला कस्तुराच्या डब्यातली भाकरी खायला लावली, कोपरापर्यंत हात धुवायला लावले, स्वच्छ झगा चढवला आणि आत घेतले. लेकीने त्याचे बोट धरले. दिवसभर लोखंड हाताळणाऱ्या त्या गड्याला ते बोट काही सोडवेना.

दहाव्या दिवशी वजन वाढले. भिवा इतक्या मोठ्याने हसला की दोन बाळे जागी झाली. पहिला पेढा त्याने माझ्या पारड्यात ठेवला.

घरी जाताना मुलगी अठराशे चाळीस भरली. भिवाने गंभीरपणे गेटपास मागितला. ताईंनीही तितक्याच गंभीरपणे कागदावर लिहिले: 'माल परत येणार नाही. कारण: वजन भरले.'

आता नवा काटा आला आहे आणि मी कपाटावर असतो. माझ्यावरची धूळ कधी पुसलीत तर बरे वाटेल, मित्रांनो. पण त्याआधी दाराबाहेर उभ्या असलेल्या बापाची विचारपूस करा. मुलगी धडधाकट वाढली, दवाखान्यात खरोखरच परत आली नाही. भिवा मात्र दर वर्षी तिच्या वाढदिवसाला येतो आणि काचेला नाक लावून उभ्या असलेल्या बापांना आधी भाकरी खायला घालतो, मग पेढा देतो.