न झालेल्या चोरीची तक्रार

सहाव्या दिवशी सकाळी साडेनऊ वाजता, परदेशातल्या एका बसस्टँडवर माझी सॅक चोरीला गेली.

वरचं वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. चोरी वगैरे काही झालेली नाही, मी मजेत आहे, हवा छान आहे. घरी मी एवढंच कळवलं होतं आणि तुम्हीही माझ्या घरी जाऊन वेगळं काही सांगायचं नाही.

कारण आमच्यात करार आहे. माझे मामा एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे सुरक्षित ठेवायला फक्त मी उरले आहे. मी पाठीवर सॅक टाकून एकटीच बावीस दिवस फिरणार म्हटल्यावर त्यांनी दोन पानी नियमावली काढली. कलम एक, अनोळखी माणसाशी बोलू नये. कलम दोन, रस्ता चुकल्यास पोलिसाला विचारावे. पोलीस अनोळखी असल्यास कलम एक पाहावे. कलम चार, बसलेले असताना सॅकच्या पट्ट्यात एक पाय अडकवून ठेवावा. आणि कलम सात, कोणताही अनुचित प्रकार घडल्यास प्रवासी मिळेल त्या विमानाने घरी येईल. खाली माझी सही, साक्षीदार म्हणून आईची.

मी कवळ्यांच्या लॅबमध्ये काम करते. लोकांचे दात घासून घासून दोन वर्षांत बावीस दिवसांची रजा साठवली होती. त्यातले सहा वापरून झाले होते. उरलेले सोळा मला कलम सातच्या घशात घालायचे नव्हते. म्हणून चोरी झाली नाही.

जी झाली नाही ती अशी झाली. मी बाकावर बसले होते, पाय पट्ट्यात. एक सभ्य गृहस्थ आले आणि त्यांनी खुणेनं सांगितलं, जरा पाय. मी ‘सॉरी’ म्हणून पाय उचलला. त्यांनी सॅक उचलली आणि गेले. आमच्या घरात केर काढताना कुणी ‘पाय’ म्हटलं की सगळे मुकाट पाय वर घेतात. टीव्हीवरची नजरसुद्धा हलत नाही. कलम चार लिहिताना मामांच्या हे लक्षात आलं नव्हतं, कारण लिहिताना त्यांचेही पाय वरच असणार.

पाऊण तासानं पोलिसांना सॅक मंडईमागे सापडली. टॉवेल, चार्जर आणि शाम्पू गेला होता. पासपोर्ट आतच होता, पण तो आत आहे हे फक्त मला माहीत होतं.

चौकीतला हवालदार पोट टेबलाला टेकवून बसला होता. आमचं बोलणं मोडक्यातोडक्या इंग्रजीत झालं. इथे मी ते दुरुस्त करून देते आहे.

“सॅक तुमची कशावरून?”

“आत माझा पासपोर्ट आहे.”

“दाखवा.”

“सॅक द्या.”

“तुमची आहे हे कळल्याशिवाय तुम्हाला तिला हात लावता येणार नाही.”

“मग तुम्ही काढा.”

हे मी म्हणायला नको होतं. माझी आत्या ब्लाउज शिवते. तिनं सॅकच्या पाठीकडच्या गादीखाली चोरखिसा शिवून दिला होता. चेन नाही, वेल्क्रो नाही. ब्लाउजचे अकरा हूक, एक डावीकडून, एक उजवीकडून, आणि वर अस्तराची पट्टी. “चोराचा बाप आला तरी उघडायचा नाही,” असं ती म्हणाली होती. चोराचा बाप राहू दे, मलाच सात मिनिटं लागतात. प्रत्येक लॉजच्या काउंटरवर माझ्यामागे रांग लागते.

हवालदारानं दहा मिनिटं हूक उचकले. त्याला घाम फुटला.

“हे केलंय कुणी?”

“आत्यानं.”

“लावा तिला फोन.”

फोन लावला तर चोरी झाली. नाही लावला तर पासपोर्ट नाही, आणि पासपोर्ट नाही तर पुढचा देश नाही. मी व्हिडिओ कॉल लावला.

आत्याला आधी सॅक दिसली, मग बोटं.

“अगं, हात कुणाचे हे? अहो, नखानं नाही! अंगठा आत घाला, कापड मागे ओढा. खालून सुरू करा, खालून. कुणी शिकवलं यांना?”

मी भाषांतर केलं. पहिला हूक निघाला. हवालदार लहान मुलासारखा हसला.

“कोण गं हे?”

“लॉजचे मॅनेजर.”

“मॅनेजर खांद्यावर बिल्ला लावतो? आणि बाही बघ, मुंढ्यात कशी चढलीय. सरकारी शिलाई आहे ही. पोलीस आहे तो.”

“असेल.”

“सॅक पोलिसात काय करतेय?”

“चौकी बघायला आली.”

“चोरी झाली ना?”

हवालदार आठव्या हुकावर होता. दोन देशांतली दोन माणसं माझा खिसा सोडवायला झटत होती, चोर कुठेतरी माझ्या शाम्पूनं डोकं धूत होता, आणि तोंड लपवत बसले होते मी.

“झाली,” मी म्हणाले. “आणि मी परत येत नाहीये.”

“अगं, कलम सात...”

“कलम सात चोराला लावा. चोरी त्यानं केली, घरी त्यानं जावं. सोळा दिवस उरलेत, सोळाच्या सोळा राहणार. तिकीट काढलंच तर त्यावर मामांना बसवा.”

पलीकडे शिलाई मशीन थांबलं.

“हूक तुटला का एखादा?”

“अकराही शाबूत.”

“पासपोर्ट?”

हवालदारानं तो बाहेर काढून पोटावर पुसला आणि कॅमेऱ्यासमोर धरला.

“मग चोरी कसली?” आत्या म्हणाली. “माझ्या खिशातून काही गेलेलं नाही. टॉवेल विटलेलाच होता. तू फिर. मामांना मी बघते, पण ते ऐकतील असं धरून चालू नकोस.”

मामांनी ऐकलं नाही. वीस मिनिटांत मेसेज आला, ‘कलम सात लागू. उद्याचे तिकीट बघतो. चौकी सोडू नये.’ मी उत्तर पाठवलं, ‘अनोळखी माणसाशी बोलत नाही. कलम एक.’

राहिला फक्त तक्रारीचा फॉर्म. गादीच्या कडेला दातांचे ठसे होते. चोरानं हूक दातांनी ओढून पाहिले होते. मी हवालदाराला दाखवलं. “वरचा डावा सुळा नाही. त्याच्या शेजारचा दात कलंडलाय. कवळी लागणार याला, वर्षभरात.”

हवालदार खूश झाला. “वा! पण त्याला रकाना नाही.”

चोराविषयी रकानाच नव्हता. होता तो ‘चोरीचे कारण’ असा, आणि पुढे चार पर्याय होते: अंधार, दारू, दागिने, एकटी. सकाळचे साडेनऊ, पोटात चहा, कानात काही नाही. हवालदारानं ‘एकटी’वर खूण केली.

“मी एकटी होते म्हणून चोरी झाली?”

“रिकामा सोडता येत नाही हो.” त्याला खरंच वाईट वाटत होतं.

मी कोरा कागद मागितला. पुढच्या देशाची बस साडेबाराला होती. सॅक पाठीवर चढवून उभ्यानंच अर्ज लिहिला. मूळ प्रत हवालदाराला दिली, फोटो मामांना पाठवला, आणि निघाले.

‘महोदय, सदर तक्रारीत चोरीचे कारण म्हणून “एकटी” अशी नोंद करण्यात आली आहे. अर्जदार लहानपणापासून अधूनमधून एकटी असते व त्या काळात चोरी झाल्याचे आढळून आलेले नाही. चोर मात्र घटनास्थळी प्रथमच हजर होता. तरी उपरोक्त नोंद रद्द करून सदर रकान्यात “चोर” हा पाचवा पर्याय छापून घेण्यात यावा, तो या चौकीत तसेच चौकीबाहेरील सर्व मामांना तत्काळ लागू करण्यात यावा, आणि तसे अर्जदारास येत्या सोळा दिवसांच्या आत, ती ज्या देशात असेल त्या देशात, लेखी कळवण्यात यावे, ही नम्र विनंती.’