गणपतरावांची श्रद्धांजली

त्या दिवशी सकाळी आप्पांनी उप्पीट केलं होतं. आई कुंभोजला बाहुबलीच्या दर्शनासाठी गेली होती आणि दोन दिवस स्वयंपाकघर आप्पांच्या ताब्यात होतं.

माझे वडील, जयपाल मगदूम, रस्ते आणि पूल तपासायचे. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी राजारामपुरीत तपासणीचं स्वतःचं ऑफिस काढलं. मीही इंजिनिअर, म्हणून मला भागीदार करून घेतलं. ठेकेदार काम करणार, आम्ही ते बघणार, आणि आम्ही होय म्हटल्याशिवाय बांधकाम खातं पुढचं काम करू देणार नाही, असा हा धंदा. यात मित्र फार होत नाहीत.

तर उप्पीट. आप्पांनी ते वाटीत दाबून भरलं, ताटलीत उपडं केलं, वाटी उचलली आणि कमरेवर हात ठेवून ते किती खचतंय ते बघत राहिले. ओलं काँक्रीट असंच तपासतात, फक्त वाटीच्या जागी पत्र्याचं शंकूसारखं भांडं असतं.

"पाणी बरोबर पडलंय," ते म्हणाले. "खाऊन बघ. कसं झालंय?"

मी खाल्लं. त्यात दोन गुठळ्या होत्या.

"हरकत नाही," मी म्हणाले.

आप्पांनी मान डोलावली आणि उरलेलं उप्पीट डब्यात भरलं.

आमच्या घरात याच्या वरचा शेरा नव्हता. आप्पांनी जन्मभर तपासणीच्या कागदांवर दोनच गोष्टी लिहिल्या, 'हरकत आहे' आणि 'हरकत नाही', आणि तेच घरी आणलं. माझा बारावीचा निकाल, आईची नवी साडी, पर्युषणातली प्रवचनं, सगळ्याला हरकत नाही. ते आम्हीही उचललं. आई त्यांना नव्या शर्टात बघून तेच म्हणायची. पाहुण्यांना वाटायचं, या घरात भांडण चाललंय.

त्यांच्या पिशवीत कायम एक छोटी हातोडी असे. काँक्रीटवर ठोकून आवाजावरून ते आत पोकळी आहे का ते सांगत. इचलकरंजीला मला दाखवायला नेलं होतं, तेव्हा चहा येईपर्यंत त्यांनी मुलाकडच्यांच्या गॅलरीला तीन ठिकाणी ठोकून बघितलं. निघताना मुलाच्या वडिलांना म्हणाले, "मुलाबद्दल हरकत नाही. पण गॅलरीत बसू नका." त्या घरातून पुन्हा फोन आला नाही. पुढच्या वर्षी आला, गॅलरीच्या दुरुस्तीला कुणी चांगला माणूस आहे का विचारायला.

त्या दिवशी दुपारी आम्ही शाहूवाडीकडे निघालो. तिथे एका ओढ्यावर पुलाचं काम चाललं होतं आणि त्याचा स्लॅब घालायचा होता. ठेकेदार गणपतराव. मोठा आवाज, मोठी गाडी, आणि कुणाच्याही लग्नात, बारशात किंवा मयतीत माईक हातात घ्यायची हौस.

स्लॅबच्या आधी सळ्यांची जाळी बघावी लागते. ही जाळी खालच्या फळ्यांना टेकून चालत नाही. काँक्रीट तिच्या खालूनही गेलं पाहिजे, नाहीतर सळई उघडी राहते, पाणी लागून गंजते आणि पूल आतून सडत जातो. म्हणून जाळीखाली काँक्रीटचे छोटे ठोकळे ठेवतात. गणपतरावांना ठोकळे करण्याचा कंटाळा होता. ओढ्यात दगड फुकट मिळत होते.

आम्ही जैन. घरात सूर्यास्तानंतर कुणी जेवत नाही. हे गणपतरावांना पक्कं माहीत होतं. म्हणून तपासणी ते हळूहळू संध्याकाळकडे ढकलत न्यायचे. आधी चहा, मग उसाचा रस, मग विषय बिद्रीच्या कारखान्याच्या निवडणुकीवर. त्या दिवशी तर पुलावर चढायची शिडीच सापडेना.

"कुटं गेली बघा की," गणपतराव चारी दिशांना बघत म्हणाले. "मघाशी हितंच हुती. साहेब, तुमी आता जावा. जेवायची येळ झाली तुमची. उपाशी ऱ्हायलासा तर वैनी मला शिव्या देतील."

आप्पा ओढ्याकाठच्या एका धोंड्यावर बसले. पिशवीतून डबा काढला. मी शिडी शोधायला खालच्या बाजूला जाऊन आले, तोवर त्यांनी उप्पीट शांतपणे संपवलं होतं आणि पाणी प्यायले होते. मग डबा आत टाकून बॅटरी बाहेर काढली.

"माझं जेवण झालं," ते म्हणाले. "आता शिडी सापडेपर्यंत थांबतो."

शिडी लगेच सापडली.

ते दोघे वर गेले. मी पलीकडच्या काठावर भराव बघत होते, त्यामुळे वर काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. परतताना गाडीत आप्पा म्हणाले, "ठोकळे नाहीत. दगडाच्या चिपा सरकवल्यात, काँक्रीट ओतताना निसटतील. बदला म्हणून सांगितलंय. बदलल्याशिवाय स्लॅब नाही."

"लिहून दिलंत?"

"सकाळी लिहीन. संध्याकाळी लिहिलं की कागदात राग उतरतो."

घरी आलो. आई परतली होती. तिने बाहुबलीचा नवा फोटो दाखवला. आप्पा त्याला हरकत नाही म्हणाले आणि झोपायला गेले.

सकाळी ते उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले, काही कळलं नसेल. मला वाटलं, त्यांना कळलं असतं तर त्यांनी डॉक्टरांचीही तपासणी केली असती. असं काहीतरी मनात येत राहतं. त्याला इलाज नाही.

तिसऱ्या दिवशी पंचगंगेच्या घाटावर रक्षाविसर्जन झालं. आमच्याकडे त्यानंतर लोक मांडी घालून बसतात आणि एकेक जण उठून दोन शब्द बोलतो. आप्पांचे जुने सहकारी बोलले, मंदिराचे विश्वस्त बोलले. सगळे जपून बोलले, कारण आप्पांनी प्रत्येकाच्या घराला कधी ना कधी हातोडी लावली होती. पुलाच्या खात्याचे साहेबही आले होते. पावसाच्या आत पूल पुरा करायचा, म्हणून त्यांना वरून फोन येत होते, आणि इथेही येत होते.

मग गणपतराव उठले. पांढरा सदरा, डोळ्यांत खरंच पाणी.

"मगदूम साहेब म्हंजे देवमानूस," त्यांनी सुरुवात केली. "असा अधिकारी परत हुनार न्हाय. शेवटचा दिस माझ्या पुलावर घालवला त्यांनी, हे माझं भाग्य. सळ्यांची जाळी बघितली आनि माझ्या खांद्यावर हात ठिऊन म्हनले, 'गणपतराव, उत्तम! एकदम उत्तम काम झालंय. घाला स्लॅब.' हे त्यांचं शेवटचं बोलणं. म्हनून उद्या सकाळी आमी स्लॅब घालतोय. तीच साहेबांना खरी श्रद्धांजली!"

खात्याच्या साहेबांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव होता.

लिहिलेलं काही नव्हतं. वर दोघंच होते आणि त्यातला एक आता नदीत होता. उद्या काँक्रीट पडलं की त्या चिपा कायमच्या आत जाणार, वरून कुणाला काही दिसणार नाही, आणि त्यावर आप्पांचं नाव राहणार. मी उठून खोटं आहे म्हणायला हवं होतं. पण श्रद्धांजलीच्या भाषणाला हरकत कशी घ्यायची? वडिलांची रक्षा सोडली त्याच घाटावर उभं राहून ठोकळ्यांवरून भांडायचं? गणपतरावांनी जागा फार चांगली निवडली होती.

पण लोकांत काहीतरी चुळबुळ सुरू झाली होती. आप्पांचे सहकारी एकमेकांकडे बघत होते. कुणीतरी खोकलं. आणि बायकांच्या बाजूने आईचा आवाज आला. तीन दिवसांत ती इतकं स्पष्ट बोलली नव्हती.

"काय म्हणाले म्हणालासा?"

"उत्तम म्हनले, वैनी."

"उत्तम?"

"व्हय की. एकदम उत्तम."

"ताप होता काय त्यांना?"

गणपतरावांना हा प्रश्न अपेक्षित नव्हता. "न्हाय, ताप न्हवता. चांगले हुते की."

"लग्न झाल्यापासून रोज दोन वेळा माझ्या हातचं जेवले," आई म्हणाली. "होळीला पुरणपोळी केली, दिवाळीला अनारसे केले. मला एकदा उत्तम म्हणाले न्हाईत. आणि तुमच्या सळ्यांना म्हणाले?"

आधी माझे बिद्रीचे काका हसले. त्यांनी तोंडावर उपरणं धरलं, पण खांदे हलत होते. मग आप्पांचे सहकारी. मग सगळा घाट. पलीकडे दुसऱ्या कुणाचं विसर्जन चाललं होतं, ती माणसं वळून बघू लागली.

"आणि खांद्यावर हात ठेवला?" आई थांबायला तयार नव्हती. "आमच्या लग्नाच्या फोटोत बघा जावा, तिथंसुद्धा ठेवला न्हाय."

ती हसत नव्हती. मग तीही हसली, आणि हसता हसता रडली, आणि बायकांनी तिला जवळ घेतलं. गणपतराव कुठे बसावं ते न कळून उभेच राहिले.

आता माझी पाळी होती. घरच्यांनी उठून सगळ्यांचे आभार मानायचे असतात. मी मानले, आणि शेवटी म्हणाले, "आप्पांनी त्या पुलाला काय म्हटलं ते मला गाडीत सांगितलं होतं. उत्तम म्हणाले नव्हते. उद्या सकाळी मी बघायला येते."

खात्याच्या साहेबांनी वाजणारा फोन बंद करून खिशात टाकला. "गणपतराव," ते म्हणाले, "मॅडम बघून सांगेपर्यंत स्लॅब नाही."

दुसऱ्या दिवशी मी आप्पांची पिशवी घेऊन गेले. शिडी आधीच लावलेली होती. इतकंच नाही, ती खांबाला दोरीने बांधून ठेवली होती. वर माणसं वाकून जाळीखालच्या चिपा काढत होती आणि ठोकळे सरकवत होती. कडेला चिपांचा ढीग पडला होता. गणपतराव स्वतः छत्री घेऊन माझ्या डोक्यावर धरायला आले. ऊन नव्हतं.

"ताई, चुकलं," ते म्हणाले. "माईक हातात आला की माझं असंच हुतंय. मेलेल्या मानसाच्या तोंडी मी चांगलंच घालतो, सवय लागल्या. त्यात माझा स्लॅबबी घुसला."

"हातात माईक नव्हता, गणपतराव."

"नसला तरी वाटतोय की."

मी वाकून एकेक ओळ बघत गेले. ते छत्री धरून मागोमाग चालत राहिले. एका टोकाला अजून चिपा होत्या, त्या मी दाखवल्या. त्यांनी माणसाला हाक मारली. ते काम होईपर्यंत आम्ही खाली उतरून थांबलो. मी ओढ्याकाठच्या धोंड्यावर टेकले.

"हितंच बसलेते साहेब," गणपतराव म्हणाले. मग आवाज खाली आणून, "ताई, एक सांगू का? हे भाषण न्हवं. डबा खाताना साहेब काय म्हनलेते म्हाईत हाय?"

"काय?"

"मी म्हटलं, काय साहेब, कोरडं उप्पीट काय खातासा, पोरांना गरम भाकरी करायला लावतो. तर डबा माझ्यापुढं धरला आनि म्हनले, 'मी केलंय. पोरगी हरकत नाही म्हणाली.' दोनदा सांगितलं मला. शिडीवर चढताना परत सांगितलं. मला काय कळंना, ह्यात सांगन्यासारकं काय हाय ते."

मी त्यांच्याकडे बघितलं. हे खोटं असेल का, हे मी सवयीने तपासलं. खांद्यावर हात नव्हता. मोठे शब्द नव्हते. आणि सकाळी स्वयंपाकघरात मी काय म्हणाले होते, ते आप्पांनी सांगितल्याशिवाय गणपतरावांना कळणं शक्य नव्हतं.

वरून माणसाने हाक मारली. मी चढून शेवटचं टोक बघितलं. जाळी सगळीकडे फळ्यांपासून वर उचललेली होती, खालून उजेड दिसत होता.

"ताई, मग?" गणपतरावांनी शिडीवरून डोकं वर काढलं. "स्लॅबचं कसं?"

"हरकत नाही," मी म्हणाले.

"लई उपकार झालं!" ते ओरडत खाली उतरले आणि फोन लावू लागले.

त्यांच्यामागून माणसंही उतरली आणि मी वर एकटीच उरले. खालून ओढा वाहत होता, आणि आप्पा बसले होते तो धोंडा तिथून नीट दिसत होता. मी पिशवी खांद्याला लावली. मग त्या धोंड्याकडे बघून, गणपतरावांना ऐकू गेलं तरी चालेल इतक्या मोठ्याने म्हणाले,

"आप्पा, उप्पीट उत्तम झालं होतं."