धानोऱ्याचं करकरणारं टेबल

मी एक घडीचं टेबल आहे. काळं रेक्झिन, ॲल्युमिनियमचे चार पाय आणि डोक्याच्या बाजूला एक गोल भोक. माणूस पालथा झोपला की त्याचं तोंड त्या भोकात बसतं. आणखी एक खूण आहे, ती मी नाही सांगितली तरी धानोऱ्यात कोणीही सांगेल. माझं डावं मागचं बिजागर करकरतं. मी बोलतोय म्हणण्यापेक्षा मी करकरतोय म्हटलेलं जास्त खरं.

कारखान्यात असताना मी शेजारच्या टेबलांपुढे फार शेखी मिरवली होती. आपण मोठ्या शहरात जाणार, क्रिकेटवाल्यांच्या क्लबात एसीमध्ये राहणार, नामांकित पाठी अंगावर घेणार. प्रत्यक्षात एसटीच्या टपावरून, दोन सायकली आणि कोंबड्यांच्या टोपलीच्या मध्ये चेंगरून इथे उतरलो. बिजागर त्याच प्रवासात वाकलं. कोंबड्यांना काही झालं नाही.

मला मागवलं हर्षाताईने. निवृत्त पोस्टमन देवाजीभाऊ रामटेक्यांची ही मुलगी. पाच वर्षं बाहेर राहून ती ऑस्टिओपॅथी शिकून आली होती. हातांनी हाडं, सांधे, स्नायू तपासायचे, कुठे काय अडलंय ते शोधायचं आणि हळूहळू मोकळं करायचं, असं ते काम. गावाला हे समजावताना देवाजीभाऊंच्या तोंडाला फेस आला.

"गोळी नाई, सुई नाई. पोरगी हातानं पाह्यते," ते सांगायचे.

"मंग पाच वर्स शिकली काय?" ऐकणारा विचारायचा.

पहिल्या दिवशी मला ओसरीत उघडलं. मी रुबाबात उभा. शेजारच्या अंजनाबाई आल्या, मला वरून खालून न्याहाळलं, भोकाकडे जरा जास्त वेळ पाहिलं, घरी गेल्या आणि पाण्याचा माठ आणून त्यात ठेवला. "बराबर बसला," म्हणाल्या. वाईट याचं वाटलं की तो खरंच बरोबर बसला होता. पुढे मोहाच्या दिवसांत त्यांनी माझ्यावर मोहफुलंही वाळत घातली. त्यांच्या दारूसारख्या वासामुळे त्यानंतर आठवडाभर जो कोणी पालथा झोपे, तो मान वर करून विचारायचा, "ताई, इथी कोनी पिऊन झोपलं होतं काय?"

माझा पहिला खेळाडू म्हणजे कबड्डीतला सुकलू. पकड करताना त्याचा उजवा खांदा दुखावला होता. हर्षाताईने खांदा पाहिला आणि मग त्याच्या बरगड्या, पाठ, मान यांतच रमली.

"ताई, दुखते इथी, अन् तुमी तिथी दाबून राह्यल्या," सुकलू कुरकुरला.

"बरगड्या आखडल्या तुह्या. त्याचा भार खांदा उचलून राह्यला."

सुकलूला ते पटलं नाही. हाड वाजलं नाही तर उपचार झालाच नाही, असा इकडे पक्का समज. तो आवाजाची वाट पाहत पडून राहिला. शेवटी कंटाळून त्याने कूस बदलली आणि माझं बिजागर करकरलं. सुकलू आनंदाने उठून बसला. "आला आवाज. बसलं हाड."

ते हाड नव्हतं, मी होतो. त्याचा खांदा पुढे महिनाभराने बरा झाला, तो ताईच्या हातांनी आणि तिने शिकवलेल्या व्यायामाने. नाव मात्र माझं झालं. पोरं येऊन म्हणू लागली, "त्या वाजनाऱ्या टेबलावरच झोपवा." ताईने खूप समजावलं, कोणी ऐकलं नाही. मीही गप्प बसलो. फुकटचं कौतुक नाकारण्याइतका मी थोर नाही.

या लबाडीने मला पुढे तोंडघशी पाडलं.

मयुरी पोलीस भरतीची तयारी करत होती. आठशे मीटर धावायचं होतं, ग्राउंडला, म्हणजे मैदानी चाचणीला, तीन आठवडे उरले होते. पहाटे आई वच्छलाबाईबरोबर जंगलात मोह वेचायची आणि तिथून आल्याबरोबर डांबरी रस्त्यावर धावायची. बूट भावाचे, पुढे कापूस कोंबलेला. उजवी नडगी दुखायला लागली म्हणून ती आली.

ताईने नडगीआधी तिच्या दिवसाची चौकशी केली. मोह वेचताना कशी बसतेस, दाखव म्हणाली. मयुरी नेहमी डावा पाय दुमडून त्याच्यावरच बसायची. तासन्‌तास तसं बसून डावा खुबा आखडला होता, त्यामुळे धावताना सगळा भार उजव्या पायावर पडायचा. ताईने खुबा मोकळा केला आणि बजावलं, "पंधरा दिवस धावू नको. तरी दुखलं तर लगेच मले सांग."

मयुरी धावत राहिली आणि नडगी दुखत राहिली. हे मला माहीत होतं, कारण माझ्या भोकात तोंड घातलं की माणसाला वाटतं आपल्याला कोणी पाहत नाही. तो चेहरा मला दिसतो. ताईने विचारलं की मयुरी म्हणायची, "नाई दुखत, ताई." आणि भोकातून खाली मातीवर टपटप थेंब पडायचे. त्यांची खबर फक्त मला आणि तिथल्या मुंग्यांना होती.

ग्राउंडला सहा दिवस राहिले तेव्हा वच्छलाबाई तिला घेऊन आली. ओसरीत सुकलूही होता. ताईने मयुरीला पालथं झोपवलं आणि बोटाने नडगीची आतली बाजू चाचपत नेली. एका जागी, जेमतेम रुपयाएवढ्या, बोट थांबलं.  मयुरीने माझी कड घट्ट धरली. मी करकरलो.

"आवाज आला," सुकलू म्हणाला.

वच्छलाबाईने हात जोडले. "बसलं, माय. आता धावते माह्यी पोरगी."

मला त्या क्षणी जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. माझ्या खोट्या कीर्तीवर विश्वास ठेवून ही पोर दुखावलेला पाय घेऊन धावणार होती आणि मला 'नाही' म्हणता येत नव्हतं.

पण हर्षाताईने हात काढून घेतला होता. "हाड नाई वाजलं, वच्छलाबाई. पोरीनं टेबल धरलं, ते वाजलं." ती खाली वाकली आणि भोकाखालची ओली माती तिने पाहिली. मग म्हणाली, "इथी मी आता हात नाई लावत. हे हाडाचं दुखनं हाय. डॉक्टरले दाखवा."

"तुमी हाडंच तं पाह्यता न. मंग काऊन नाई करत?"

"माह्या हाताचं काम कुठी संपते, तेही मले शिकवलं हाय."

चंद्रपूरला मोठ्या मशीनमध्ये पाय घालून पाहिलं, तेव्हा हाडात बारीक तडा निघाला. तशीच धावली असती तर मैदानातच हाड मोडलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. भरती हुकली. मयुरी प्लास्टर घेऊन आली आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हे टेबल नसतं तं मी धावलो असतो." त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. पुढचे कितीतरी दिवस मी माठ अंगावर घेऊन निमूट उभा होतो.

प्लास्टर निघाल्यावर तिने पुन्हा शून्यापासून सुरुवात केली. आधी चालणं, मग मातीच्या रस्त्यावर हळू धावणं. बूट स्वतःच्या मापाचे. दर आठवड्याला माझ्यावर झोपायची, ताई खुबा, पाठ, घोटा पाहायची. मोहाचे दिवस आले तेव्हा वच्छलाबाई म्हणाली, "यंदा मी एकटीच वेचतो. तू पाय सांभाळ."

उद्या मयुरीचं नव्या भरतीचं ग्राउंड आहे. ती आत्ताच येऊन गेली. ताईने नडगीवरची तीच जागा बोटाने दाबली. वच्छलाबाई, सुकलू, देवाजीभाऊ, सगळे माझ्या बिजागराकडे कान लावून उभे होते. मी श्वास रोखला. मयुरीचे हात माझ्या कडेवर मोकळे पडले होते. काही वाजलं नाही.

गप्प बसल्याबद्दल माझं कौतुक झालं, असं पहिल्यांदाच घडलं.

जाताना सुकलूने बाटली काढली. "आता याले तेल देतो. लय करकरते." ज्या तेलाची मी टपावरून उतरल्यापासून वाट पाहत होतो, तेच ते. मयुरीने त्याचा हात धरला. "नको टाकू. मी खोटं बोलत होतो, तवा यानंच सांगतलं."

तेव्हा माझंही एवढंच मागणं आहे. मला तेल घालू नका. आणि मी कधी करकरलो, तर हाड बसलं म्हणून खूश होऊ नका. खाली वाकून बघा, भोकाखालची माती ओली आहे का.