चार बोटं खाली

पत्र्यावर पडणाऱ्या हातोडीचा आवाज सगळीकडे सारखाच असतो, असं मलाही पूर्वी वाटत असे. साकोलीच्या ज्या शाळेत मी मराठी शिकवते, तिच्या मागच्या भिंतीपलीकडे हमरस्त्यालगत गाड्या दुरुस्त करणाऱ्यांच्या शेडांची रांग आहे, आणि दुपारच्या तासांना तिथून ठोक्यांचा गलबला येत राहतो. त्या गलबल्यातून माझ्या धाकट्या भावाचा हात मी ओळखू शकत असे. एक जड ठोका, त्यामागून दोन हलके, आणि मग एक लांब विराम. त्या विरामात नरेश काय करत असेल हे मला न पाहता दिसायचं. डोळे मिटून तो पत्र्यावरून तळहात फिरवत असणार, आजारी माणसाच्या पाठीवरून फिरवावा तसा, आणि जिथे उंचवटा लागेल तिथे क्षणभर थांबत असणार.

नरेश गेल्याला या पौषात दोन वर्षं होतील. एकतीस वर्षांचा होता.

माणसांना ऋतू असतात असं मानलं, तर तो वैशाखाचा होता. साऱ्या साकोलीने दारं लावून घेतलेली असत, डांबर मऊ होऊन चपलांना धरत असे, आणि तेव्हा तो तापलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये घामाने निथळत, पाण्याची मोठी बाटली शेजारी ठेवून, तृप्त माणसासारखा काम करत असे. उष्णतेत त्याची हाडं सैल होत. कार्तिक लागला की तो मिटू लागे. जन्मापासून त्याच्या रक्तात सिकलसेल होता. रक्तातल्या गोल पेशी थंडीने, थकव्याने विळ्यासारख्या वाकतात, एकमेकींत अडकतात आणि वाट बंद करतात, मग गुडघे, पाठ, छाती अशी दुखतात की माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. आमच्या भागात हा आजार पुष्कळ घरांत आहे, म्हणून त्याचं कुणाला नवल नसतं. मला मात्र लहानपणापासून एकच गोष्ट सुचत असे. आमच्या एकोडी गावच्या बांधींमधला, म्हणजे बांध घातलेल्या शेतांमधला, धान पिवळा होई, घरोघरचे विळे धार लावून बाहेर निघत, आणि नेमके त्याच दिवसांत माझ्या भावाचेही आतले विळे जागे होत. त्याच्या डोळ्यांतला पांढरा भाग तेव्हा पिकल्या धानाच्या रंगाचा होई.

बाबांची गाडी जुनी, चार दारांची, गोल पाठीची आणि पांढरी होती. ते ती लग्नांना भाड्याने चालवत. एकोडीपासून तुमसरपर्यंत कितीतरी नवरदेव तिच्या मागच्या सीटवर बसून गेले, आणि झेंडूच्या पाकळ्या तिच्या फटींतून वर्षभर निघत राहत. बाबा गेल्यावर गाडी घरामागे उभी राहिली. नरेशसाठी दोन ठिकाणी लग्नाची बोलणी झाली होती. दोन्हीकडे त्याचं सिकलसेलची नोंद असलेलं रक्ताचं कार्ड पाहून लोक आदराने चहा पिऊन उठले. त्यानंतर त्याने माझ्याकडून आणि मायकडून वचन घेतलं, की पुन्हा कुणाचा चहा प्यायला जायचं नाही.

मग एका उन्हाळ्यात तो ती गाडी ओढत साकोलीला घेऊन आला. परदेशातले लोक जुन्या गाड्यांची छतं कापून खाली आणतात, चार दारांची दोन करतात, आणि साधी कुटुंबवत्सल गाडी दबा धरलेल्या जनावरासारखी दिसू लागते, अशी चित्रं तो कित्येक महिने मोबाइलवर पाहत होता. माय चार दिवस त्याच्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी बोलली.

"बापाची गाडी व्हय ते. बकरा व्हय का कापाले?"

"बाबा तं गेले, माय. गाडी तरी जित्ती राहू दे."

"कापून जित्तं राहते का कोणी?"

"मंग डॉक्टर लोकं काय करून राहिले दवाखान्यात?"

माय हसली नाही, पण तिने त्याच्या ताटात भात वाढला. मला त्याने वेगळं कारण सांगितलं. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात, तोही तसंच म्हणे. "मागच्या सीटवर नवरदेव बसे, बाई. आपल्या घरी नवरदेव नाही आता. रिकामी सीट कायले वाहून न्यायची?" हे त्याने गाडीचं माप सांगावं तितक्या सहज सांगितलं, आणि खिशातून खडू काढून मागच्या दारांवर रेघ मारली.

कायद्याने अशी कापलेली गाडी रस्त्यावर चालत नाही, हे त्याला माहीत होतं. त्याला ती एकदाच चालवायची होती, साकोलीहून एकोडीपर्यंत, आडवाटेने. दिवाळीनंतर आमच्या गावोगाव मंडई भरते, दुकानं लागतात, दंडारीचा नाच होतो, लेकी-जावई घरी येतात. त्या दिवशी गाडी घेऊन गावात शिरायचं, आणि हे थंडी पडायच्या आत व्हायला हवं. थंडी पडली की त्याचे हात त्याचे राहत नसत. मागच्या खेपेच्या दुखण्यात त्याच्या फुप्फुसांना इजा झाली होती, आणि नागपूरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की कष्ट नकोत, गार पाणी नको, पुढचा हिवाळा सांभाळा. मी घरी येऊन त्याला फक्त अर्धं सांगितलं. उरलेलं अर्धं त्याला आधीच माहीत होतं.

छत कापलं त्या दिवशी मी शाळा सुटल्यावर शेडमध्ये उभी होते. काचांच्या कडेचे खांब एकेक करून तुटले, ठिणग्यांचा पिवळा पाऊस पडला, आणि बाबांच्या गाडीचं आभाळ दोन माणसांनी उचलून जमिनीवर ठेवलं. त्याखाली राहिलेली गाडी इतकी उघडी दिसत होती की मी नजर वळवली. खांबांतून तुकडे काढून छत पुन्हा ठेवलं, तेव्हा एक गोष्ट कळली जी मला आजही पुरती उमगलेली नाही. छत खाली आणलं की ते आखूड पडतं. खांब तिरपे असतात, त्यामुळे खाली येताना त्यांची टोकं एकमेकांपासून दूर जातात, आणि जे छत काल पुरत होतं ते आज पुरत नाही. नरेशने छत मधोमध उभं-आडवं कापून चार तुकडे केले, ते पांगवून चारही कोपऱ्यांवर बसवले आणि मध्ये उघडलेल्या फटींत मागच्या दारांचा उरलेला पत्रा जोडला. नवरदेव ज्या दारांतून उतरत, ती दारं आता डोक्यावर गेली. पुट्टी थापून जोड लपवणं त्याला आवडत नसे. ठोकून ठोकून, हात फिरवून फिरवून, त्याने जोड असे बुजवले की बोटालाही कळू नये.

चूक मात्र आधीच झाली होती. छत किती खाली आणायचं हे ठरवताना गाडीत सीट नव्हती, ती सीट शिवणाऱ्या मधुकरकडे नवीन गादी बसवायला गेली होती. आमच्या भागात बसायला काही नसलं की माणूस धानाच्या पोत्यावर बसतो. नरेशनेही अर्ध्या पोत्यावर बसून डोक्यावर हात धरला आणि मला खांबावर खूण करायला लावली. धान सरकतो. माणूस बसला की तो मुकाट्याने बाजूला होतो आणि माणूस त्याच्यात उतरत जातो. सीट आली, बसली, नरेश आत शिरला, आणि त्याची मान वाकडी झाली ती सरळ होईना. छत चार बोटं खाली आलं होतं.

मधुकर त्याचा शाळेपासूनचा मित्र. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली. "छत तं आता वाढत नाही, नरेशभाऊ. मानच कमी करून घे चार बोटं."

"ते बी करतो. थांब जराक."

"दहावीच्या पेपरातबी तुझं माप चुकलं होतं."

"तवा बी मले उत्तर तूच सांगून राहिला होता."

दोघं इतके हसले की नरेशला खोकला लागला. मी हसले नाही. थांब जराक, हे शब्द मी तेव्हापासून वागवते आहे. छत पुन्हा सोडवून उचलायचं तर तीन आठवडे लागले असते, आणि सकाळी तोंडातून वाफ दिसू लागली होती. नरेशने पुढची डावी सीट ठेवली, उजवी काढून मधुकरला परत दिली, आणि त्या जागी तेच अर्धं पोतं कापडात शिवून पक्कं केलं. त्यावर बसला की त्याचं डोकं छताखाली अचूक मावे. ज्यानं फसवलं त्यालेच कामाले लावलं, एवढंच तो म्हणाला.

यानंतरचं मला सांगायला जड जातं. अस्तराचा करडा रंग मारल्यावर पत्रा पाण्याने घासावा लागतो. घासायचा ओला कागद, बादलीभर पाणी, आणि तासन्‌तास हात पाण्यात. ते काम तो कुणाला करू देईना. डॉक्टरांचे शब्द मला पाठ होते. मी रोज सकाळी शाळेआधी शेडमध्ये जाऊन शेगडीवर पाणी तापवत असे आणि बादलीत ओतत असे. ते दहा मिनिटांत निवत असे, मी पुन्हा तापवत असे. त्याची बोटं पांढरी पडत, मग निळसर, आणि तो ती काखेत धरून उभा राही, माझ्याकडे न पाहता. एकदाही मी त्याला थांब म्हटलं नाही. मी फक्त पाणी तापवलं.

मंडईच्या सकाळी आम्ही दोघं गाडी घेऊन निघालो. वरचा रंग झाला नव्हता, ती करड्या अस्तरातच होती. आतून जग निराळं होतं. काचेची पट्टी इतकी अरुंद, की आभाळ जवळजवळ नव्हतंच. होत्या त्या कापलेल्या धानाच्या बांधी, पेंढ्याच्या तणसीचे ढीग, बांधांच्या धुऱ्यांवरून डोक्यावर भारा घेऊन चालणाऱ्या बायांचे घोटे आणि पावलं. नरेश पोत्यावर ताठ बसला होता. मी त्याला इतका ताठ बसलेला फार वर्षांत पाहिला नव्हता.

एकोडीत आम्ही शिरलो तेव्हा लोक दुकानं सोडून जमले. शेजारच्या वासुदेवकाकांनी काठीने छत ठोकून पाहिलं.

"काहून गा नरेश, गाडीवर हत्ती बसला होता का?"

"हो काका. तुमच्याच घरून निघाला होता."

"अन् रंग कवा देशीन?"

"पुढच्या उन्हाळ्यात."

माय गर्दीच्या मागे उभी होती. नरेशने मला उतरायला सांगितलं आणि तिच्यासाठी दार धरलं. ती पदर सावरत, वाकून, कुरकुरत आत बसली. गाडी तलावाच्या पाळीवरून हळूहळू गेली, लांबून ती पाण्याकाठी सरपटणाऱ्या करड्या जनावरासारखी दिसत होती, आणि मी दंडारीच्या ढोलकीत तिच्या इंजिनाचा आवाज शोधत राहिले. परत आल्यावर माय बराच वेळ उतरली नाही. उतरली तेव्हा मला एवढंच म्हणाली, "तुझ्या बापानं मले कधी समोर नाही बसवलं, वो."

आठच दिवसांनी नरेश भिंतीकडे तोंड करून झोपला. या वेळी दुखणं छातीत होतं. नागपूरच्या खाटेवर तो मधूनमधून तळहात चादरीवरून फिरवत असे, सावकाश, काहीतरी तपासत असल्यासारखा, आणि कुठेच थांबत नसे. पौषाच्या एका निरभ्र दुपारी तो हातही थांबला.

तेरवी झाल्यावर मायने मला एकदाच विचारलं. ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता बोलली. "गार पाण्यानं त्याले तरास होते, तुले ठाऊक होतं ना? काहून नाही थांबवलं?"

उत्तरं माझ्याजवळ पुष्कळ होती. मी शिकलेली आहे, मला वाक्यं करता येतात. मी त्याला थांबवलं असतं तर कदाचित आणखी एक वैशाख त्याच्या वाट्याला आला असता, आणि त्या वैशाखात तो अर्धवट गाडीपाशी बसून माझ्याकडे पाहत राहिला असता. कदाचित आणखी दहा वैशाख आले असते. हे कदाचित मी रोज तोलते, आणि दोन्ही पारडी रोज वेगळी उतरतात. तिच्यासमोर बसून मीही तांदूळ निवडू लागले. आम्ही दोघी तांदूळ निवडत राहिलो, एकमेकींच्या बोटांकडे पाहत.

गाडी मायच्या अंगणात आहे. भंगारवाले येतात, नागपूरचा एक हौशी माणूसही येऊन गेला. माय त्यांना पाणी देते आणि नाही म्हणते.

यंदाही धान कापून झाला, मंडई भरली आणि उठली, सकाळी तोंडातून वाफ निघू लागली. त्या वर्षी रोज पहाटे दार उघडून मी हवेत हात धरत असे, अजून किती दिवस उरले ते अजमावायला, आणि ती सवय हाताला अजून आहे. थंडी आता दरवर्षी वेळेवर येते. तिच्या आधी पोचवायचं असं माझ्यापाशी काही उरलेलं नाही.