दोघं की दोघी

तव्यावरची भाकरी उलटता उलटता नूरजहाँचा हात तसाच थांबला आणि भाकरीला खालून काळा डाग पडला.

"काय म्हणालीस?"

"म्हटलं, आम्ही दोघं डायरेक्ट फुटपाथवर बसलो." ओट्याशेजारच्या स्टुलावर इन्शा पाय हलवत बसली होती. "लिस्बनमध्ये, अम्मी. एक बाई दारातच कोळशावर मासे भाजत होती. प्लेट नाही, फोर्क नाही. पावाची जाड स्लाइस आणि त्यावर अख्खा मासा. सगळं तेल पावात उतरतं ना, मासा संपल्यावर तो पाव खायचा. सगळ्यात बेस्ट तोच!"

"कुठला मासा?"

"सार्डिन."

"म्हणजे तारली!" नूरजहाँनं पिठाचा हात कपाळाला लावला. "या अल्ला! तारली खायला पोरगी पोर्तुगालला गेली. श्रीवर्धनला टोपलीभर तारली दारात यायची, तर आम्ही नाकं मुरडायचो."

इन्शा खळखळून हसली. नूरजहाँही हसली, पण मन त्या एका शब्दापाशीच अडकलं होतं.

लग्नाआधी नूरजहाँ श्रीवर्धनच्या शाळेत मराठी शिकवायची. नोकरी जेमतेम टिकली, पण मास्तरीणपणा काही अंगातून गेला नाही. गनीशी लग्न करून ती दुबईत अल मनखूलच्या या फ्लॅटमध्ये आली, तेव्हापासून घरात येणाऱ्या प्रत्येकाचं मराठी तिनं धुऊन वाळत घातलं होतं. गनी हमरिया फ्री झोनमधल्या नोकरीवरून दमूनभागून यायचा आणि म्हणायचा, "नूर, माझी चहा." त्यानं "माझा चहा" म्हटल्याखेरीज कप पुढे सरकायचा नाही. इन्शा तर इथेच जन्मलेली, मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देणारी. लहानपणी मैत्रीण एमान घरी आली की ही ओरडायची, "अम्मी, आम्ही दोघं खाली चाललो." लगेच स्वयंपाकघरातून आवाज जायचा, "दोघी म्हण, इन्शू. दोन मुली, दोघी." हे इतक्या वेळा झालं की पोरीनं कंटाळून तेच धरून ठेवलं, सरसकट सगळ्यांसाठी. सेमिस्टरभरासाठी फ्रान्सला निघाली तेव्हा आईबापांना विचारत होती, "तुम्ही दोघी एअरपोर्टला येणार ना?" गाडीची किल्ली शोधायची सोडून गनी हसत सुटला होता.

लिऑनला पाठवायला नूरजहाँ तयार झाली होती ती एमानही जाणार म्हणून. "फिरा, खा, मजा करा. पण एमानला सोडून कुठेही जायचं नाही," एवढी एकच अट. आणि आता परत आलेली ही पोरगी घडाघडा 'दोघं' म्हणत होती. म्हणजे ती आणि एमानच ना? मग दोघी का नाही?

"दोघी म्हण," नूरजहाँ सवयीनं बोलून गेली.

इन्शानं तिच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग "ओके" म्हणून तिनं गरम भाकरीचा तुकडा मोडला.

दुसऱ्या दिवशी बॅग उपसताना मार्सेलची गोष्ट निघाली. बंदराजवळ एका ट्युनिशियन म्हाताऱ्याची खानावळ होती. तिथे जाड रव्यासारखा वाफवलेला कुसकुस मिळायचा, वरून माशाचा लालभडक रस्सा.

"आम्ही एकच मागवला. आणि एकमेकांच्या बाजूचे बटाटे चोरत होतो," इन्शा सांगत होती. "चाचानं बघितलं. आतून दुसरी परात आणली आणि धाडकन आदळली समोर. म्हणे, माझ्या दारातून कोणी अर्ध्या पोटी उठत नाही, हबीबी! आम्हाला उठवेना तिथून. लिटरली उठवेना."

'एकमेकांच्या' या शब्दाभोवती नूरजहाँनं मनातल्या मनात लाल शाईचा गोल काढला. दोन मुली असत्या तर 'एकमेकींच्या'. पण हे भल्याभल्यांना जमत नाही, तिथं दुबईत वाढलेल्या पोरीचं काय, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

मग स्वित्झर्लंडच्या गाडीतली गोष्ट आली. नूरजहाँनं पाठवलेल्या सुकटीच्या चटणीची डबी तिथं उघडली आणि अख्खा डबा माना वळवून बघायला लागला. समोरच्या आजीबाईंनी आधी नाक दाबलं, मग काय आहे ते विचारलं, मग पावाला लावून खाल्लं, आणि मग डबी काही परत देईनात.

"ती डबी मांडीवर घेऊनच बसली, अम्मी! आणि आम्ही दोघं नुसतं बघत राहिलो."

नूरजहाँला हसू आवरेना. आपली चटणी बर्फाच्या डोंगरात कुणाच्या तरी मांडीवर जाऊन बसली, याचा तिला अभिमानही वाटला. पण हसता हसता तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. इन्शाच्या गोष्टीत चव होती, वास होता, वाढणाऱ्याचे हातवारे होते. फक्त शेजारी बसून खाणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं.

शंकेची खात्री झाली ती लिफ्टमुळे. इन्शा खालून दही घेऊन आली आणि चपला काढता काढता म्हणाली, "अम्मी, लिफ्टमध्ये लतिका आंटी आणि तनया भेटल्या. दोघी मॉलला चालल्यात, तुला काही हवंय का विचारत होत्या."

दोघी. माय आणि लेक, दोघी. बिनचूक.

नूरजहाँच्या हातातला कांदा तसाच राहिला. म्हणजे पोरीला फरक कळतो! मग 'दोघं' ही चूक नव्हती. लिस्बनच्या फुटपाथवर इन्शाच्या शेजारी एक मुलगा बसला होता.

संध्याकाळी गनी क्रिकेट बघत होता. ती त्याच्या आणि टीव्हीच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"अहो, पोरगी दोघं म्हणते."

"मग?"

"दोघी नाही म्हणत."

गनीनं मान वाकडी करून तिच्या कमरेच्या बाजूनं स्कोअर बघितला. "नूर, एका वेलांटीसाठी पोरीला कोर्टात उभं करशील तू. खलास कर आता. आणि माझा चहा दे."

'माझा' बरोबर आला होता, त्यामुळे तिला रागावायलाही जागा उरली नाही.

चहा उकळत ठेवून ती ओट्याला टेकून उभी राहिली. मुलाचं तिला भय वाटत नव्हतं असं नाही. कोण, कुठला, कसल्या घरातला, हे सगळं डोक्यात होतंच. पण त्याहून मोठं भय निराळंच होतं. शाळेत कुणाच्या डब्यात काय होतं इथपासून इन्शानं आजवर तिला सगळं सांगितलं होतं. आता सरळ विचारलं आणि ती डोळ्याला डोळा भिडवून "एमान होती" म्हणाली तर? पोरीच्या तोंडून खोटं ऐकायची नूरजहाँची तयारी नव्हती. त्यापेक्षा न विचारलेलं बरं. पण न विचारता घास गोड लागत नव्हता.

शनिवारी गनीचा अर्धा दिवस होता. नूरजहाँ सकाळीच मासळी बाजारात गेली आणि पिशवीभर तारली घेऊन आली. इन्शा पिशवीत डोकावून किंचाळलीच.

"अम्मी! लिस्बन करायचं?"

"करू या. पण बाल्कनीत कोळसा पेटवला तर खालचा नातूर, वॉचमन, धावत वर येईल आणि बिल्डिंगभर बोंब होईल. तव्यावरच भाजू."

तारली साफ झाली. इन्शानं आईला हळद लावू दिली नाही, चिंच लावू दिली नाही. नुसतं जाड मीठ. नूरजहाँ जीव मुठीत धरून बघत राहिली. बिनमसाल्याचा मासा तिच्या तव्यावर पहिल्यांदाच पडत होता. वास मात्र सुरेख सुटला. इन्शानं पावाचे जाड काप केले, एकावर तारली ठेवली आणि आईच्या हातात दिली.

नूरजहाँनं घास घेतला. मासा गोड होता, मीठ नेमकं होतं, आणि खालचा पाव, खरंच, सगळ्यात बेस्ट तोच होता. ती दुसऱ्या घासाला लागली आणि मासोळीच्या काट्याकडे बघत, जणू सहजच, म्हणाली:

"एमाननं किती खाल्ल्या?"

"एमान?" इन्शाचा हात थांबला. "अम्मी, एमान मासे खात नाही. आपल्याकडे आली की तू तिच्यासाठी अंडं करतेस."

"हो की. विसरलेच."

"तू नाही विसरलीस."

तव्यावरची तारली चुरचुरत होती. नूरजहाँनं गॅस बारीक केला. तो आधीच बारीक होता.

"अम्मी, आल्यापासून मी दोघं, दोघं करतेय. बॅग उपसताना, चहा पिताना, सगळीकडे. अख्ख्या आयुष्यात तू माझी एक चूक सोडली नाहीस. मला वाटलं, पहिल्याच दिवशी पकडशील. विचारशील, कोण गं?"

नूरजहाँनं मान वर केली. "म्हणजे तू मुद्दाम..."

"मग काय! कसं सुरू करायचं तेच समजत नव्हतं. इंग्लिशमध्ये सांगितलं असतं तर तुला वाटलं असतं, लपवतेय. तू तर नुसतं 'दोघी म्हण' म्हणालीस आणि भाकरी थापत राहिलीस. मी विचार केला, खलास! हिला ऐकायचंच नाही."

"मी पकडलं होतं," नूरजहाँ म्हणाली. "तू खोटं बोलशील म्हणून भ्यायले."

"तुझ्याशी?"

एवढंच म्हणाली इन्शा. नूरजहाँनं पदरानं डोळे पुसले, आणि हाताला मीठ असल्यामुळे ते जास्तच चुरचुरले. मग दोघीही हसायला लागल्या.

"एमान होती हं सगळीकडे," इन्शा घाईनं म्हणाली. "प्रॉमिस. पण तिचं डाएट चालू होतं ना, ती सफरचंद खाऊन झोपायची. जेवायला आम्ही दोघंच."

"नाव?"

"उझैर. तिथे मास्टर्स करतोय. रत्नागिरीचा आहे, मिरकरवाड्याचा."

"आणि हा फरक तुला समजला कसा? मी जन्मभर घसा फोडला, तेव्हा डोक्यात शिरला नाही."

इन्शा लाजली. लाजलेली इन्शा नूरजहाँनं याआधी पाहिली नव्हती.

"लिस्बनला मी त्याला म्हटलं, 'आपण दोघी अजून एक मासा घेऊ या का?' तू लहानपणापासून दोघी म्हण, दोघी म्हण केलंस, मला वाटलं तेच करेक्ट! त्याच्या घशात काटा अडकला. आधी खोकला, मग हसला, आणि मग तिथेच फुटपाथवर बसून समजावलं. दोन मुली असतील तर दोघी. एक मुलगा, एक मुलगी असेल तर..." ती थांबली. "मराठी मीडियमचा आहे तो, अम्मी."

नूरजहाँच्या तोंडून एक हुंकार निघाला. तो रागाचा होता की कौतुकाचा, ते तिलाही सांगता आलं नसतं. तिनं आणखी एक तारली तव्यावर सोडली, तिला हलकेच दाबलं आणि विचारलं, "काटा निघाला ना त्याचा?"

"निघाला."

"सुका भात गिळायचा असतो. सांग त्याला."

तेवढ्यात दाराचं कुलूप वाजलं. गनी आत आला, बूट काढता काढताच त्यानं नाक वर केलं. "वा, वा! तारली? आज काय ईद आहे की काय?" हात धुऊन तो सरळ टेबलाशी जाऊन बसला. इन्शाचा चेहरा एकदम उतरला. तिनं आईकडे बघितलं.

"अम्मी, आता अब्बांना पण दोघं दोघं करत बसू?"

"छे गं," नूरजहाँ हळू आवाजात म्हणाली. "त्यांना व्याकरणातून जन्मात काही कळायचं नाही. सरळ सांग."

"काय सांगायचंय?" पावावर मासा ठेवत गनीनं विचारलं.

नूरजहाँनं गॅस बंद केला. रोज ती गनीच्या शेजारी बसायची. आज तिनं आपली खुर्ची ओढून टेबलाच्या पलीकडच्या बाजूला नेली, इन्शाच्या खुर्चीला खुर्ची लावली आणि बसली.