बसलेला आवाज

"कपाळावर हात मारा, छाती बडवा," कॅमेऱ्याचं हँडल धरून दिग्दर्शक म्हणाला. "तुमची नोकरी गेलीय, हे शेवटच्या बाकावरच्यालाही कळलं पाहिजे."

"पण बायकोपासून ते लपवायचंय ना?" नटानं घोगऱ्या आवाजात विचारलं. "मग तिच्यादेखत कपाळ कशाला बडवीन?"

"अहो, पडद्याला आवाज नाही. हातवारे तरी नकोत का?"

मूकपट जेमतेम बारा मिनिटांचा होता. फिल्म मोजकीच उरली होती. हा प्रसंग पुन्हा घेता येणार नव्हता.

नटानं वीस वर्षं रंगभूमी गाजवली होती. आठ महिन्यांपूर्वी आवाज बसला, तो बसलाच. औषधं झाली, महिनाभर मौन झालं, आणि मग नाटक कंपनीनं त्याला नारळ दिला.

घरी थोरली बहीण होती. लोकांचे कपडे शिवून तिनंच त्याला वाढवलं होतं. लहानपणच्या तापात तिचे कान गेलेले. ती ओठांवरून बोलणं ओळखायची. मौनातही तो तिच्यापुढे नुसते ओठ हलवायचा. त्यामुळे भावाचा आवाज गेल्याचा तिला पत्ताच नव्हता, आणि सांगायला त्याची जीभ रेटत नव्हती. रोज ठरल्या वेळी तो डबा घेऊन निघायचा आणि बागेतल्या बाकावर दिवस काढायचा. संध्याकाळी ताई विचारायची, "तालीम कशी झाली?" तो म्हणायचा, "झकास." तसं म्हणताना हसरा चेहरा कसा सांभाळायचा, हे आता अंगवळणी पडलं होतं.

"मी माझ्या पद्धतीनं करणार," तो दिग्दर्शकाला म्हणाला. "पटत नसेल तर दुसरा नट बघा."

"ऐन वेळी दुसरा कुठून आणू? ऊन उतरायला लागलंय. करा तुमच्या मनासारखं."

हँडल फिरू लागलं. नट दारातून आत आला, टोपी खुंटीला अडकवली. बायको झालेल्या नटीनं पाणी दिलं, काहीतरी विचारलं. तो हसला, पाणी प्यायला. रिकामा पेला त्यानं पुन्हा ओठांना लावला आणि तिची पाठ वळेपर्यंत तसाच धरून ठेवला. पेला खाली आला तेव्हाही हसू चेहऱ्यावर तसंच होतं, पुसायचं राहून गेल्यासारखं.

"हे मागच्या बाकापर्यंत पोचेल?" दिग्दर्शकानं हळूच विचारलं.

"पोचेल."

मूकपट गावात लागला, तेव्हा ताईला खेळाला न्यावं की नाही, या विचारात त्याचे दोन दिवस गेले. शेवटी त्यानं ठरवलं, लपवाछपवी पुरे झाली. दुपारच्या खेळाला तो तिला घेऊन गेला. पेल्याच्या प्रसंगाला मागच्या बाकांवरची कुजबुजही थांबली. ताईनं मात्र पडद्यावरून नजर हलवली नाही, की भावाकडे पाहिलं नाही.

बाहेर उन्हात आल्यावर ती थांबली.

"नोकरी जाऊन किती दिवस झाले?"

"सहा महिने."

"का काढलं?"

"आवाज गेला, ताई."

ती त्याच्या ओठांकडे बघत राहिली. मग भर गर्दीत तिनं आपला तळवा त्याच्या गळ्यावर ठेवला.

"बोल," ती म्हणाली.

त्यानं एका जुन्या नाटकातलं स्वगत सुरू केलं. बाजूनं जाणाऱ्यांना नुसती घरघर ऐकू येत होती. स्वगत लांबलचक होतं. ते संपेपर्यंत ताईनं हात काढला नाही.