चाखल्याबिगर

बस इथं, बापू. देवळीच्या एका मडक्याची गोष्ट सांगतो. आणीबाणी उठली, त्या उन्हाळ्यातली.

हिरालाल हलवाई पितळी डबा घेऊन सीताबाईच्या दारात उभा होता. बौद्धपुऱ्यात त्याचा पाय पहिल्यांदा पडला होता. सीताबाई चुलीपाशी धिरडं उलटवत होती. तिनं पाह्यलं, पण उठली नाई.

पाच सालं ती त्याच्या दुकानामांगं कढया घासत होती. जिलेबीचं खमीर त्याच्या बापाच्या वक्तापासून एकाच मडक्यात. रोज थोडं ठेवायचं, उरलेलं नालीत. "फेकता काऊन, मले द्या," ती एकदा म्हणाली. तवापासून तो रोज म्हणे, "भांडं खाली ठेव," अन् वरून धार सोडे. घरी ती त्यात ज्वारीचं पीठ, कांदा, मिरची घालून धिरडी टाके. सून सुलोचना टायफाइडनं पार वाळली होती, पोटात काई टिकत नव्हतं. हे आंबट धिरडं टिकलं. सेवाग्रामच्या डॉक्टरीणबाईनंही सांगतलं, आंबवलेलं पचाले हलकं, देत जा.

मंग चार दिवसांखाली एक बकरी मडक्यावर आली, अन् सीताबाईनं मडकं उचलून आत ठेवलं. समोर पान चघळत बसलेला नत्थूजी बोलला, "बाटलं." हिरालालनं सगळ्यायच्या पुढं मडकं नालीवर फोडलं, तिले कामावरून काढलं. नवं खमीर दोनदा लावलं, दोनदा सडलं. अन् उद्या नानाजी पाटलाच्या पोरीचं लग्न. जिलेबी त्याच्याकडंच सांगतली होती.

"सीताबाई, हाये का थोडं?"

"काय?"

"थेच. खमीर."

"तुमीच तं फोडलं ना, शेठ."

हिरालालनं डबा उंबऱ्यावर ठेवला अन् सवयीनं मांगं सरला. सीताबाईनं कोपऱ्यातलं गाडगं आणलं. रोज मूठभर पीठ टाकून तिनं ते जितं ठेवलं होतं. वर बुडबुडे फुटून राह्यले होते.

"चाखून पाहा."

"राहू दे. वासावरून समजते."

"पाच सालं पाह्यलं मी. चाखल्याबिगर तुमी कधी मैद्यात टाकलं नाई."

आत सुलोचनाचा घास हातात थांबला. हिरालालनं रस्त्याकडं पाह्यलं. मंग गाडग्यात बोट बुडवलं, जिभेले लावलं, अन् डोळे मिटून चव घेतली.

"बाबूजीच्या वक्ताचंच हाये," तो म्हणाला. "उद्यापासून कामाले येजो."

"येईन. पण भांडं आता खाली ठेवणार नाई."

उंबऱ्यावरचा डबा हिरालालनं उचलला अन् तिच्या हातात देल्ला.

लग्नात जिलेबी कमी पडली. नत्थूजी पहिल्याच पंगतीत होता, त्यानं तीनदा मागून घेतली. आता म्हातारा झाला, पण हाये, एसटी स्टँडपाशी बसते. देवळीले गेला तं माझं एक काम करजो, बापू. त्याले इतकंच इचारजो, नानाजीच्या घरची जिलेबी कशी होती.